मदत हवी आहे: 'नुकत्याच पाहिलेल्या वस्तू' सर्व्हरवर उलटसुलट येतात

घाईत_आहे
वस्तूचं पान उघडलं की बॅकग्राउंड टास्क टाकतो, टास्क यादीत नोंद करतो, शेवटच्या २० ठेवतो. लोकलला अगदी बरोबर. सर्व्हरवर क्रम चुकतो, एकच वस्तू दोनदा दिसते, कधीच न उघडलेल्या वस्तूही येतात. वर्कर (टास्क चालवणारा प्रोग्राम) तीनदा रीस्टार्ट केला. उद्या सकाळी डेमो आहे, लवकर सांगा.

चौथा_मजला
फ्रेमवर्क? ब्रोकर? वर्कर किती? न उघडलेल्या वस्तू लॉगिन केलेल्यांना दिसतात की पाहुण्यांना?

घाईत_आहे
जँगो फ्रेमवर्क, टास्क चालवायला सेलरी, ब्रोकर म्हणजे टास्कची रांग ठेवायला रेडिस; यादीही त्यातच. टास्कला सेशन-की (कोण बघतंय त्याची ओळख) आणि वस्तूचा आयडी देतो. आत रेडिसच्या लिस्टवर एलरेम (जुनी नोंद काढणं), एलपुश (नवी वर घालणं), एलट्रिम (यादी छाटणं). कोड नेहमीचाच आहे.

खिडकीवाला
विंडोज असेल तर सेलरीला ४ व्या आवृत्तीपासून तिथे अधिकृत आधार नाही. वर्कर सोलो पूलवर चालवा.

घाईत_आहे
लोकलला सोलोच आहे. सर्व्हर लिनक्स, कॉन्करन्सी ४. वर्कर चालतोय हो, प्रश्न तो नाही.

चौथा_मजला
तिथेच उत्तर आहे. सोलोत एका वेळी एकच टास्क चालतो, म्हणून लोकलला क्रम टिकतो. चार प्रोसेस असल्या की आधी टाकलेला टास्क नंतर संपू शकतो. त्याच वस्तूचे दोन टास्क एकाच वेळी आले तर दोन्ही एलरेम आधी होतात, मग दोन्ही एलपुश. झाली वस्तू दोनदा.
लिस्ट सोडा, सॉर्टेड सेट घ्या: त्यात एक वस्तू एकदाच राहते आणि स्कोअरप्रमाणे क्रम लागतो. नोंद झेडअ‍ॅडने होते. झेडअ‍ॅडमध्ये स्कोअर म्हणून वेळ द्या, पण ती व्ह्यूमध्येच (पान उघडताना चालणाऱ्या कोडात) घेऊन टास्कला पाठवा. टास्कच्या आत वेळ घेतलीत तर पुन्हा तेच. रेडिस ६.२ किंवा पुढचं असेल तर जीटी पर्याय लावा, म्हणजे उशिरा आलेला जुना टास्क नवी वेळ पुसत नाही. मग झेडरेमरेंजबायरँक ० ते -२१, म्हणजे शेवटच्या २० उरतात, आणि एक्स्पायर २५९२००० सेकंद, म्हणजे ३० दिवसांनी यादी आपोआप पुसली जाते.

साधंच_बरं
मुळात सेलरी कशाला? डिले केलं (टास्क रांगेत टाकला) की तेही रेडिसमध्येच एक निरोप लिहितं. एक लिहिणं वाचवायला दुसरं लिहिणं! तीन कमांड एका पाइपलाइनमध्ये (एका गठ्ठ्यात) घालून व्ह्यूतूनच पाठवा.

रांगेतला
असहमत. उद्या त्याच नोंदी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये अहवालासाठी लागल्या तर टास्क हवाच. शिवाय रेडिस बंद पडलं तर रीट्राय (पुन्हा प्रयत्न) मिळतो.

साधंच_बरं
ब्रोकरच ते रेडिस आहे. ते पडलं तर टास्क रांगेत जाणारच नाही, रीट्राय कुठून होणार? अहवालाचं यांनी विचारलेलंही नाही.

चौथा_मजला
न उघडलेल्या वस्तूंचं राहिलं. पाहुण्याचं सेशन सेव्ह होईपर्यंत जँगोत सेशन-की नन (रिकामी) असते. रेडिसमध्ये 'रीसेंट:नन' नावाची की आहे का बघा. सगळ्या की शोधणारी कीज कमांड सर्व्हरवर चालवू नका, सगळं अडून राहतं, एक्झिस्ट्स पुरे.

घाईत_आहे
आहे!! सगळ्या नव्या पाहुण्यांची मिळून एकच यादी बनत होती. सेशन क्रिएट करून घेऊ का?

चौथा_मजला
त्यापेक्षा स्वतःचा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) सेशनमध्ये ठेवा आणि तोच की म्हणून वापरा. लॉगिन होताना जँगो सेशन-की बदलतं, आतला डेटा तसाच ठेवतं. यूयूआयडी असला की पाहुण्याची यादी हरवत नाही. ती सदस्याच्या यादीत मिसळायला झेडयुनियनस्टोअर, पण अ‍ॅग्रिगेट मॅक्स लिहाच, म्हणजे दोनपैकी नंतरची वेळ राहते. मूळ वर्तन बेरजेचं आहे: दोन्ही याद्यांत असलेल्या वस्तूच्या वेळा बेरजेला जातात आणि ती वस्तू कायम वर चिकटून बसते.

घाईत_आहे
बदललं. आता झेडअ‍ॅडला राँगटाइप एरर येतोय.

साधंच_बरं
जुन्या की लिस्ट आहेत, सॉर्टेड सेट नाहीत. उपसर्ग बदला, 'रीसेंट२:' करा. जुन्यांना एक्स्पायर नसेल तर स्कॅनने शोधून अनलिंकने पुसा.

घाईत_आहे
चाललं. क्रम बरोबर, दोनदा नाही. पाइपलाइन व्ह्यूतच घातली, टास्क काढला. आभार.

खिडकीवाला
सोलो पूल सर्व्हरवरही लावला असता तर?

रांगेतला
मग ईमेलचे टास्कही एकामागे एक अडकले असते.