प्रेमकादंबरी ऐकली की ती आपोआप सुमार ठरते का?

पानोपानी:
परवा एकाने लिहिलं, 'हल्लीच्या प्रेमकादंबऱ्या ऑडिओवर चालतात, कारण निवेदकाचा मखमली आवाज सुमार लेखन झाकून टाकतो. छापील पानावर त्या दहा पानंही तग धरणार नाहीत.' वाचून इतका संताप झाला की सविस्तर लिहायला बसले.

एक समकालीन प्रेमकादंबरी मी आधी छापील वाचली आणि संपल्या संपल्या ऐकायला घेतली. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळे त्या लेखिकेवर घसरतील. नायिका घटस्फोटित, अनुवादाची कामं करणारी. नायक तिच्याच मजल्यावर राहणारा, रात्रपाळी करणारा परिचारक. प्रकरणं आलटूनपालटून त्याची आणि तिची. मध्यावर ती त्याला सांगते, मला दुसऱ्या शहरात काम मिळालंय. तो म्हणतो, 'बरं.' परिच्छेद संपला. छापील वाचताना मला तो कोरडा वाटला. ऑडिओत निवेदकाने 'बरं'च्या आधी श्वास घेतला आणि अर्ध्यातच सोडला, म्हणजे बोलायचं होतं ते वेगळंच. मी पुस्तक उघडून ते पान काढलं. वरच्याच ओळीत आहे की कप रिकामा झाला तरी त्याने तो खाली ठेवला नाही. आता यात झाकलं काय? लेखिकेने लिहिलेलंच निवेदकाने नीट वाचलं होतं.

उलट सुमार लेखन ऐकताना जास्त टोचतं. 'तो पुटपुटला', 'ती कुजबुजली', 'तो हुंकारला' यांवरून नजर सरकून जाते, कानाला मात्र एकेक झेलावं लागतं. दर प्रकरणात काळजाचा ठोका चुकत असेल तर ऐकणारा वाचणाऱ्याच्या आधी वैतागतो.

तळटीप:
ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या 'बरं'मध्ये राग होता, हार होती की त्याला आधीच कुणकुण लागली होती, हे लेखिकेने सांगितलं नाही. निवेदकाने त्यातलं एक उचललं आणि तुमच्या कानात कायमचं बसवलं.

प्रेमकथेत शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. मग वाचायचं कशासाठी, तर मधल्या ताणासाठी. तो ताण मला माझ्या चालीने हवा. दोघं पहिल्यांदा जवळ येतात ते पान मी थांबत, मागे जात वाचतो. वाचताना डोळ्यांच्या उड्यांपैकी साधारण १० ते १५ टक्के मागे जाणाऱ्या असतात, हे दृष्टीच्या अभ्यासकांनी केव्हाच मोजून ठेवलंय. पंधरा सेकंद मागे जायचं बटण दाबणं हे त्याच्या जवळपासही येत नाही.

घुबड:
अभ्यासाचंच काढलंत तर २०१६ साली प्रौढांचे गट करून एकाच पुस्तकातले भाग कुणाला वाचायला, कुणाला ऐकायला, कुणाला दोन्ही एकदम दिले होते. आकलनात आणि दोन आठवड्यांनंतरच्या आठवणीत लक्षणीय फरक आढळला नाही.

तळटीप:
तो मजकूर सत्यकथनाचा होता. कोण, कुठे, केव्हा एवढंच त्यात तपासलं. आकलनाबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही, मी पोटात गोळा येण्याबद्दल बोलतोय.

दीपमाळ:
माझी आई आयुष्यभर प्रेमकादंबऱ्या वाचत आली. डोळ्याच्या पडद्याचा आजार झाला आणि नजरेचा मधला भागच गेला. आधी मोठा टाइप, मग भिंग, मग एका वेळी एकच शब्द दिसायला लागला. एका शब्दावर प्रेम जमत नाही हो. वाचणं सोडलं आणि घरात बोलणंही कमी झालं. आता ती ऐकते, आणि नायक माती खायला लागला की मला हाक मारून सांगते. बोलती पुस्तकं १९३० च्या दशकात अंधांसाठीच निघाली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम पंधरा मिनिटं मावायची, तरी लोक बाजू उलटत अख्ख्या कादंबऱ्या ऐकायचे. त्यांना काय मखमली आवाजाची भूल पडली होती?

तळटीप:
ताई, तुमच्या आईंबद्दल मी काहीही म्हटलेलं नाही. ज्यांना दोन्ही करता येतं त्यांच्याबद्दल बोलतोय. कृपया माझ्या तोंडी नसलेलं घालू नका.

दीपमाळ:
तुम्ही 'ऑडिओवर चालतात' असं सरसकट लिहिलंत. त्यात ती येते.

द्रुतलय:
मी सगळं दीडपट वेगाने ऐकतो. प्रणयप्रसंगसुद्धा. साधारण वेगाने निवेदक झोपेत वाचतोय असं वाटतं.

मंद्रसप्तक:
हे वाचून राहवलं नाही. मी ध्वनिमुद्रणाचं काम करते. तयार तासाभरासाठी निवेदक स्टुडिओत निदान दुप्पट वेळ बसतो. कपडे सळसळले, पोट गुरगुरलं, पान उलटल्याचा आवाज आला, की वाक्य परत. जवळिकीच्या प्रसंगात निवेदक माइकच्या जवळ येतो, आवाज खाली नेतो आणि संवादाआधीची शांतता मोजून ठेवतो. तुम्ही ती कापून ऐकता. त्यात काही ॲपमध्ये 'शांतता वगळा' अशी सोयही असते. पानोपानींच्या निवेदकाचा तो अर्धा सोडलेला श्वास तिथे सरळ उडून जातो.

द्रुतलय:
हिशेब बघा. निवेदक मिनिटाला साधारण १५० ते १६० शब्द वाचतो. ९०,००० शब्दांची कादंबरी दहा तासांच्या आसपास जाते. इंग्रजी वाचकांच्या पाहणीत मनातल्या मनात कथा वाचायचा सरासरी वेग मिनिटाला २६० च्या घरात आहे. म्हणजे दीडपटीने ऐकूनही मी तळटीपांपेक्षा हळूच जातोय. घाई कुणाची?

मंद्रसप्तक:
डोळा सगळीकडे एकाच वेगाने जात नाही. खोलीच्या वर्णनावरून धावतो, 'बरं'वर थांबतो. तुमचं बटण पडद्याचं वर्णन आणि प्रेमाची कबुली, दोन्ही एकाच मापाने दाबतं. तुम्हाला कथानक हवंय, तर सारांश वाचा.

द्रुतलय:
मला काय हवंय ते तुम्ही ठरवणार? दिवसभर काम करून रात्री अर्धा तास मिळतो, त्यात मी माझ्या वेगाने ऐकेन. कलाकाराचा अपमान वगैरे ऐकवू नका.

चाफेकळी:
वेगावर भांडताय, आणि मुख्य अन्याय कुणी बोलतच नाही. पाऊण कादंबरी झाली की जबरदस्तीने घडवलेला दुरावा! दोन वाक्यं बोलले असते तर मिटलं असतं असा गैरसमज. छापील पुस्तकात मी तो भाग चाळून पुढे जाते. ऑडिओत दीड तास त्यांचं रडणं ऐकावं लागतं. इथे मी द्रुतलय यांच्या बाजूने.

घुबड:
माझी तक्रार यंत्राच्या आवाजाची. ॲपलने जानेवारी २०२३ मध्ये डिजिटल निवेदन आणलं, त्यात प्रेमकथांसाठी खास आवाज होते. ऐकून पाहिलं. उच्चार स्वच्छ आहेत. पण भांडणानंतरचं 'ये ना' आणि दारातलं 'ये ना' एकसारखंच. अशा आवाजासाठी मात्र दीडपट वेग योग्यच.

मंद्रसप्तक:
याला माझं पूर्ण अनुमोदन. आमची कामं चाललीत ती वेगळीच.

पानोपानी:
वेगाचा वाद चालू द्या. मला तळटीपांच्या 'कायमचं बसवलं'चं उत्तर द्यायचंय. या कादंबरीला दुहेरी निवेदन आहे, त्याची प्रकरणं पुरुषाच्या आवाजात, तिची स्त्रीच्या. 'बरं' पहिल्यांदा येतं ते त्याच्या प्रकरणात, तो अडकलेला श्वास घेऊन. पुढचं प्रकरण तिचं. ती जिना उतरताना तोच शब्द आठवते आणि स्त्री निवेदक तो सपाट उच्चारते, दार लोटल्यासारखा. त्याने म्हटलेलं 'बरं' आणि तिने ऐकलेलं 'बरं' वेगळं आहे, आणि मधली ओढाताण सगळी त्या फरकातूनच चाललीय. छापील पानावर दोन्हीकडे अक्षरं तीच. आणि म्हणूनच, सगळे संवाद ज्याच्या त्याच्या आवाजात वाटून देणारं नाट्यरूप मला आवडत नाही. तिथे तिच्या आठवणीतही त्याचाच आवाज आला असता.

तळटीप:
हे पटण्यासारखं आहे, असं नाइलाजाने म्हणतो. पण याचं श्रेय दोन निवेदक नेमणाऱ्याला. निवेदक एकटाच असता तर दोन्ही 'बरं' त्याच्याच समजुतीतून आले असते, आणि माझा आक्षेप तिथे तसाच उभा आहे. शिवाय त्याचा श्वास काय सांगत होता हे तुम्हाला पक्कं कळलं ते पान उघडून, कप बघितल्यावर.

पानोपानी:
पान उघडलं ते ऐकल्यामुळेच ना? एरवी एकदा वाचलेलं पान मी कशाला परत काढते?

तळटीप:
ठीक. पुस्तकाचं नाव कळवा. मी आधी छापील वाचेन, मग ऐकेन, त्या दोन प्रकरणांपुरतं. दुराव्याचा दीड तास मात्र मीही ऐकणार नाही.