‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे सातवी-आठवीत शिकवूच नये. सहमत?

खडूफळा
माध्यमिकला गणित शिकवते. नववीच्या वर्गात ३क्ष = १२ दिलं की काही वह्यांत हमखास क्ष = १२ − ३ = ९ सापडतं. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘बाई, ३ पलीकडे नेला, चिन्ह बदललं.’ जरा हुशार मुलं −३क्ष = १२ ला अडखळतात. ३ भागाकारात जातो हे त्यांना पाठ असतं, पण मग उणे चिन्हाचं काय? तेही बदलतात आणि क्ष = ४ काढून मोकळी होतात. आता यात त्यांचं काय चुकलं सांगा. दिलेला नियम पाळलाय की!

म्हणून माझं मत : पहिली दोन वर्षं पक्षांतर (म्हणजे हेच ‘पलीकडे नेणं’) हा शब्द वर्गात आणूच नये. समीकरण म्हणजे तराजू, दोन्ही पारड्यांत सारखंच करायचं. २क्ष + ३ = ११. दोन्हीकडून ३ काढले, २क्ष = ८. दोन्हीकडे २ ने भागलं, क्ष = ४. प्रत्येक ओळीशेजारी काय केलं ते लिहायचं आणि शेवटी ४ परत घालून ११ येतात का बघायचं. हा ताळा तर हल्ली कुणी करतच नाही.

खरं दुखणं बरोबरच्या चिन्हात आहे. प्राथमिकला = म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ एवढंच डोक्यात बसतं. घरात पाचवी-सहावीतलं पोर असेल तर ८ + ४ = □ + ५ लिहून द्या. चौकटीत १२ किंवा १७ आले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. अमेरिकेतल्या शाळांमध्ये हेच गणित देऊन पाहिलं होतं, तिथेही बहुतेकांनी हेच लिहिलं. दोन्ही बाजू समान आहेत हेच ज्याला दिसत नाही त्याला ‘पलीकडे’ काय कळणार?

क्लासवाले_सर
सपशेल असहमत. बाई, तुमच्याकडे मुलं वर्षानुवर्षं असतात. आमच्याकडे नववीची परीक्षा संपली की येतात आणि पुढच्या मार्चमध्ये बोर्ड. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. दोन चलांतली समीकरणं, वर्गसमीकरणं, श्रेढी, सगळीकडे पक्षांतर लागतं. प्रत्येक ओळीला ‘दोन्ही बाजूंतून वजा करून’ लिहीत बसला तर पोरगा शेवटच्या प्रश्नाला पोचणार कधी?

आणि हातचा का घेतात हे समजून घेऊन बेरीज कोण शिकलं हो? आधी हात बसतो, मग उमगतं. राहता राहिला तुमचा तराजू. क्ष + ७ = ३ तराजूवर मांडून दाखवा. उणे चार किलोचं माप कुठल्या दुकानात मिळतं तेही सांगा.

चाळीसगावकर
सर, उणे मापाला उत्तर आहे आणि ते आमच्या गावाजवळचंच म्हणा ना. पाटणच्या देवळात भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (बाराव्या शतकाचा मध्य) हे उदाहरण येतं : एकाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे तशाच किमतीचे १० घोडे, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी. तर एका घोड्याची किंमत किती?

दोघांचेही सहा-सहा घोडे सोडून द्या. पहिल्याकडे ३०० रुपये राहिले, दुसऱ्याकडे ४ घोडे आणि १०० कर्ज. आता दोघांनाही शंभर-शंभर द्या. पहिल्याचे ४०० झाले, दुसऱ्याचं कर्ज फिटलं. चार घोडे ४०० चे, एक घोडा १०० चा. तराजूवर मावत नाही ते कर्ज म्हणून बिनतक्रार मावतं. आचार्यांची रीतही बाईंचीच आहे : एका पक्षातलं (बाजूतलं) अव्यक्त, म्हणजे अज्ञात, दुसऱ्या पक्षातून वजा करा, रूपं (नुसते आकडे) उलट बाजूने वजा करा, मग भागा. ते दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडायचे, म्हणजे ‘पलीकडे’ असं काही नव्हतंच. क्ष ऐवजी यावत्तावत्, आणखी अज्ञातं लागली तर कालक, नीलक, पीतक असे रंग.

क्लासवाले_सर
घोडे आवडले, उद्या सांगतो वर्गात. पण तुमचा घोडा १०० चाच निघतो. −३क्ष = १२ मध्ये घोड्याची किंमत उणे चार येते, तेव्हा काय करायचं? कुठलंही चित्र कुठेतरी फाटतंच. नियम फाटत नाही.

खडूफळा
कोणता नियम? क्ष = ९ वाला?

सेमीवाली_आई
तुमचं दोघांचं चालू द्या, पण आमच्या घरी समीकरण सोडवणं ही अडचणच नाहीये. मांडणंच जमत नाही. ‘आईचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त’ वाचलं की लेक माझ्या तोंडाकडे बघते. शाळेत सांगितलंय, अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बोरं. मग वयाच्या गणितात ‘म म्हणजे मुलगा’ असंच डोक्यात येणार ना?

क्लासवाले_सर
आंबे-बोरं मीपण सांगतो. त्यामुळे २अ + ३ब = ५अब लिहिणं थांबतं.

अर्धवट_इंजिनिअर
सर, मग अब म्हणजे काय? आंबे गुणिले बोरं?

ताईंचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, संख्या. हे एकदा घसरलं की पार वरपर्यंत घसरतं. अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, समीकरण लिहा.’ ३७ टक्के चुकले. १९८१ च्या शोधनिबंधात हे आकडे आहेत. नेहमीची चूक उलट्या समीकरणाची (व विद्यार्थ्यांची संख्या, प प्राध्यापकांची) : व = ६प ऐवजी ६व = प. ‘सहा विद्यार्थी, एक प्राध्यापक’ असं शब्दांच्या ओघात वाचत गेलं की तेच हातून उतरतं. ही माणसं पक्षांतरात पटाईत असणार, सर.

ताई, घरी एक करून बघा. समीकरणाआधी तक्ता. मुलगा ५ वर्षांचा तर आई किती? १९. मुलगा ८ चा तर? २८. तीन-चार ओळी झाल्या की मुलाच्या वयाच्या रकान्यात क्ष लिहायचा आणि शेजारी ३क्ष + ४. आकडे करताना हाताने जे केलं तेच अक्षराला करायचं.

जाता जाता : वाटोळ्याची सुरुवात कंचेभागुबेवपासून (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा पाठ केलेला क्रम) होते. ‘बे’ आधी, ‘व’ नंतर असं पाठ केलेलं पोर १० − ४ + ३ चं उत्तर १० − ७ = ३ काढतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी सहावीच्या मुलांबरोबर वेगळी वाट धरली होती. प्रत्येक पद त्याच्या चिन्हासकट चौकटीत घालायचं : +१०, −४, +३. मग कुठल्याही क्रमाने मिळवा, ९ च येणार. पुढे ५क्ष − २ + ३क्ष दिसलं तरी तेच डोळे कामाला येतात.

क्लासवाले_सर
चौकटीचं पटलं, ते फळ्यावर झटकन होतं. तक्त्याचंही. पण पक्षांतर सोडणार नाही.

खडूफळा
दहावीत सोडू नकाच. माझी अट आठवीपुरती आहे : ‘पलीकडे नेलं’ म्हणायचं असेल तर दोन्ही बाजूंना काय केलं ते तोंडी सांगायचं. सांगता आलं की खुशाल एका ओळीत उडवा.

क्लासवाले_सर
साठ पोरांच्या बॅचमध्ये तोंडी कुणाकुणाचं ऐकू?

सेमीवाली_आई
तक्ता केला आत्ता. मुलगा १० चा तर आई ३४, इथपर्यंत भराभर आलं. क्ष लिहिल्यावर विचारते, ‘याचं उत्तर किती?’ आता?

अर्धवट_इंजिनिअर
आता ‘आई ४० ची आहे’ एवढंच सांगा, आणि गप्प बसा.