सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजन वाढवायचा की नाही? डोकं चक्रावलंय

जळगाव_जीएनएम_फर्स्टइयर
नमस्कार सगळ्यांना, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) फर्स्ट इयरला आहे, सध्या मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग चालू आहे. रावेरकडच्या एक आजी आहेत, आयुष्यभर चुलीसमोर बसलेल्या, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होणारा फुप्फुसाचा जुना आजार. नेझल प्रॉंग्सवर (नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीवर) मिनिटाला २ लिटर चालू आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८९ टक्के. आजी सारखं म्हणतात "बेटा, भलता दम लागस", मी फ्लो वाढवायला हात लावला तर स्टाफ ओरडल्या, हात लावू नको म्हणे. शेजारच्या बेडवर न्यूमोनियाचा पोरगा आहे त्याला मात्र ९५ च्या वर ठेवा सांगतात. मग आजीला ८९ वर का सोडायचं? पुस्तकात नॉर्मल ९५ ते १०० दिलंय. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारलं तर काय सांगू?

तापीकाठचा_ब्रदर
सोपं आहे ताई, सीओपीडी म्हटलं की २ लिटर, त्याच्या वर कधीच नाही. जास्त दिला की श्वास बंद पडतो. एवढं लिही, मार्क मिळतात.

धुळ्याची_सिस्टर
ना भो, "कधीच नाही" असं नको सांगू पोरांना, असं पाठ करून एखाद्याला निळा पडू देतील. लिटर पाठ करायचे नाहीत, सॅच्युरेशनचं टार्गेट बघायचं. ज्या सीओपीडी पेशंटला कार्बन डायऑक्साइड साठायचा धोका असतो त्यांच्यासाठी ते साधारण ८८ ते ९२ असतं, म्हणजे आजी ८९ वर टार्गेटमध्येच आहेत. ९५ करायला गेलीस तर रक्तात कार्बन डायऑक्साइड चढू शकतो. आधी सगळे फक्त हायपॉक्सिक ड्राइव्ह शिकवायचे, की ऑक्सिजन वाढला की मेंदूची श्वासाची हाक कमी होते. ते थोडं खरं आहे पण पूर्ण नाही. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचतच नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, जास्त ऑक्सिजन दिला की त्या सैल पडतात आणि रक्त तिकडे फुकट फिरतं. शिवाय ऑक्सिजन भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरतं, सोडून देतं, त्याला हाल्डेन इफेक्ट म्हणतात. व्हायव्हात ही तिन्ही कारणं सांगितलीस तर मॅडम पुढचं विचारणारच नाहीत.

आणि तुझ्या स्टाफ ओरडल्या ते बरोबर, कारण सांगितलं असतं तर अजून बरं झालं असतं. पण पेशंट ८० वर आलाय, ओठ निळे, बोलता येईना, तर "सीओपीडी आहे" म्हणून हातावर हात धरून बसायचं नाही, ऑक्सिजन द्यायचा आणि लगेच डॉक्टरला हाक मारायची. कमी ऑक्सिजनने माणूस लवकर जातो.

आजीला दम लागतो ना, तर फ्लोच्या आधी पोझिशन बघ. पाठ उंच कर, नाहीतर समोर टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकवून पुढे वाकून बसव. ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडायला लाव, सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ. बऱ्याचदा एवढ्यानेच पेशंट शांत होतो.

सातपुडा_नंदुरबार
सिस्टर बरोबर बोलल्या. एक जोडतो, आकड्याच्या आधी पेशंटकडे बघा. बोटाला मेंदी, नेलपॉलिश, हात थंड, की रीडिंग चुकतं. आणि श्वास पूर्ण १ मिनिट मोजा, पेशंटला न सांगता, नाडी धरल्यासारखं करून. मोठ्या माणसाचे १२ ते २० नॉर्मल. आमच्याकडे वॉर्डात पोरं १५ सेकंद मोजून चौपट करतात, सगळ्या चार्टवर २० च २० दिसतं, जसं काही पूर्ण वॉर्ड एका लयीत श्वास घेतोय! लहान मुलांत तर आकडाच महत्त्वाचा, २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५०, १ ते ५ वर्षं ४० म्हणजे जलद श्वास.

आमच्या पट्ट्यात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) बराच आहे. असा पेशंट छातीत दुखतं, ताप, दम म्हणून आला तर साधा खोकला समजू नका, ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम (सिकलसेलमधली फुप्फुसाची गंभीर गुंतागुंत) असू शकतो, लगेच कळवा.

जळगाव_जीएनएम_फर्स्टइयर
सिस्टर खूप आभार, आज आजींना टेबलावर उशी देऊन बसवलं, खरंच बोलायला लागल्या, पूर्ण केळीच्या बागेची कहाणी सांगितली 😄 अजून एक, कार्बन डायऑक्साइड साठतोय हे ओळखायचं कसं? आणि नेब्युलायझर (औषधाची वाफ देतात तो) ऑक्सिजनवर लावला तर चालतो का?

धुळ्याची_सिस्टर
सकाळी डोकं दुखतं म्हणेल, गुंगी येईल, उगाच बडबड, हात समोर धरायला लावले की पंजे फडफडतील. सॅच्युरेशन छान दिसतंय आणि पेशंट झोपाळू होतोय, तिथे जास्त घाबरायचं, एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू तपासणी) करायला लागतं.
नेब्युलायझर अशा पेशंटला हवेवर, म्हणजे मशीनवर द्यायचा, प्रॉंग्स तशाच चालू ठेवून. मशीनच नसेल आणि ऑक्सिजनवरच द्यावा लागला तर ६ मिनिटांपेक्षा जास्त नाही. झाल्यावर फ्लो परत जुन्यावर आणायला विसरू नको, नाईटला नेमकं हेच राहून जातं.