‘घाशीराम’ शिकवताना वेबर कशाला?

रावपुरेकर: परवा आमच्या वाचनगटात तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकावर बोलणं झालं. घाशीरामचं क्रौर्य, नाना फडणवीसाचा लंपटपणा, सगळं निघालं. पण कोतवाल मेल्यावर नानाचं काहीच का बिघडत नाही, हे कुणी विचारलंच नाही. स्वभावचित्रण करून त्याचं उत्तर मिळत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर १९१९च्या व्याख्यानात म्हणतो की, बळ वापरण्याचा रास्त हक्क फक्त आपलाच, हे ठरावीक प्रदेशात जी मान्य करवून घेते ती राज्यसंस्था. नाना हा हक्क कोतवालाला उसना देतो आणि अंगाशी येताच काढून घेतो. हुकूम त्याचा, मारणारा जमाव, वर उत्सवही तोच जाहीर करतो. राज्यविचार वगळून नाटक शिकवणं मला अपुरं वाटतं.

दांडिया बाजार: अजिबात पटलं नाही. १९७२ साली जब्बार पटेलांचा प्रयोग पाहणाऱ्यांना नाना सुटलेला दिसलाच की! ब्राह्मणांची ती रांग क्षणात भिंत होते, क्षणात कीर्तनाला डोलते. सत्तेला आडोसा कोण देतं ते तिथे डोळ्यांना दिसतं. तुम्ही व्याख्या आधी हातात दिलीत की विद्यार्थी भिंत न बघताच उत्तर लिहून मोकळा. चंदावरकरांचं संगीत, मुळगुंदांची नृत्यरचना यावर तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ नाही.

मांडवीकर: आणि युरोपातच कशाला जायचं? कौटिल्यानं राज्याची सात अंगं सांगितली, त्यात स्वामी म्हणजे राजानंतर लगेच अमात्य, म्हणजे मंत्री. ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक उभं आहे ते त्यावर. चंद्रगुप्ताला गादी मिळालीय, पण नंदांच्या राक्षसासारखा अमात्य नाही. चाणक्य राक्षसाला लढाईत हरवत नाही, चंदनदास या मित्राच्या मैत्रीत पकडतो. इथे बळाची व्याख्या लावून काय हाती लागणार?

रावपुरेकर: @मांडवीकर, चंदनदासाला सुळावर द्यायला नेतात म्हणूनच राक्षस स्वतः पुढे येतो ना? मग बळ नाही कसं म्हणता?

जुना बडोदेकर: आपल्याच बडोद्याचं बोला. इंग्रज सरकारचे इथले प्रतिनिधी, रेसिडेंट फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून महाराज मल्हारराव गायकवाडांची १८७५ साली चौकशी झाली. आयोगातले तिघे इंग्रज विरोधात गेले. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी दोषी धरलं नाही. तीन विरुद्ध तीन. तरीही गैरकारभाराचं कारण देऊन गादी काढून घेतलीच! पुढच्याच वर्षी नाट्यप्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा आला. ज्या सरकारनं नाटकाला इतकं गांभीर्यानं घेतलं, ते सरकार काय चीज होतं हे नाटकाच्या विद्यार्थ्यानं शिकायचं नाही?

दांडिया बाजार: इतिहास शिकवा, जरूर शिकवा. पण खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला तो कुठला सिद्धांत वाचून? सरकारनं १९१० साली बंदी घातली ती लोकांना तो दिसला म्हणूनच. माझ्या वर्गात आधी प्रयोग, मग संहिता. वेबर त्यानंतर.

रावपुरेकर: लोकांना कीचकात कर्झन दिसला कारण जुलमी सत्ता ते रोज भोगत होते. आजच्या विशीतल्या मुलाला नाना नुसता लंपट म्हातारा वाटतो. त्याला प्रयोगाआधी काहीच सांगणार नाही का तुम्ही?