वजन कमी करताना रोजच्या कॅलरी किती ठेवायच्या? जाणकारांनी नेमकं लिहा (अनुभव धागा)

मराठवाड्यात आहार, व्यायाम आणि दवाखाना या कामांत असलेल्यांसाठी हा धागा. ‘बाई असाल तर बाराशे कॅलरी’ हे वाक्य लातूरपासून हिंगोलीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. आकडा ठरवायचा कसा, मोजायचं काय आणि गणित चुकतं कुठं, एवढंच लिहा. मापं आपल्या स्वयंपाकघरातली द्या. माझ्या मावशीचं असं झालं, शेजारणीचं तसं झालं, हे नको.

आहारतज्ज्ञ, लातूर

सुरुवात मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रापासून करावी. किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१ (हे बायकांसाठी). आलेला आकडा म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणारी ऊर्जा.

उदाहरण घ्या. वजन ६८, उंची १५५, वय ३८. ६८० + ९६९ − १९० − १६१ = १२९८. बँकेत किंवा शाळेत बसून काम असेल तर गुणिले १.२, म्हणजे साधारण १५६०. घरकाम आणि रोजचं चालणं मिळून बऱ्यापैकी हालचाल असेल तर गुणिले १.३७५, म्हणजे १७८५. यातून ३०० ते ४०० वजा करा. बैठ्या कामाच्या बाईला १२०० ते १२५० येतील, हालचाल असलेलीला १४०० ते १४५०. वजन, उंची, वय सगळं सारखं, तरी दोघींच्या आकड्यांत दोनशेचा फरक. म्हणून एकच आकडा सगळ्यांना वाटता येत नाही.

सूत्र हा अंदाज आहे. आपल्याकडच्या बायकांत ते कधी कधी थोडं जास्तच दाखवतं, कारण त्याच वजनाला स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. म्हणून दुसरी बाजूही तपासा. काहीही न बदलता दहा-बारा दिवस जे खाताय ते मोजून लिहा आणि सरासरी काढा. वजन स्थिर असेल तर तीच तुमची खरी गरज. सूत्र आणि वही यांत फरक पडला तर मी वहीवर विश्वास ठेवते, मात्र वहीत तेल लिहिलेलं असलं पाहिजे.

वजन कमी करायची गरज आहे का, हेही आधी बघा. आपल्या लोकांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

खानावळ व डबे, परभणी

ताईंनी तेलाचं नाव काढलं, ते बरं झालं. खरी गडबड तिथंच असते. पळीनं घातलेलं तेल कुणी मोजत नाही. ५ मिलीच्या चमच्यात ४० कॅलरी असतात, मग ते करडईचं असो की सोयाबीनचं. करडईचं तेल ‘हलकं’ असतं हा गैरसमज आहे, कॅलरी तेवढ्याच.

मोजायची सोपी रीत सांगते. रविवारी सकाळी तेलाचा डबा काट्यावर ठेवून वजन लिहा, पुढच्या रविवारी परत ठेवा. फरकाला आधी माणसांनी आणि मग सातानं भागा. पाच माणसांत महिन्याला पाच लिटर जात असेल तर माणशी रोज साधारण ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी झाल्या. वजन उतरवणाऱ्या बाईला दिवसाला चार लहान चमचे पुरे, १६०. इथंच शंभरावर वाचतात आणि भाकरीला हात लावावा लागत नाही.

दुसरा चोर म्हणजे शेंगदाण्याचा कूट. दहा ग्रॅमला पन्नासच्या वर कॅलरी. वांग्याच्या भाजीत कूट, जोडीला शेंगदाण्याची चटणी, वर चटणीवर तेल, असं ताट दोनशेनं सहज फुगतं. येसराच्या (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाच्या) आमटीत पीठ थोडंच असतं, जड असते ती वरची तर्री. आमटी तळातून ढवळून घ्या, तर्रीच तेवढी वाटीत ओढू नका.

आता भाकरी. भाजलेली भाकरी तोलू नका, पाणी कमीजास्त असतं. पीठ तोला. परातीत पीठ घेतलं की वजन घ्या, थापताना लागणारं पीठही त्यातच धरा, आणि भाकरी किती झाल्या त्यानं भागा. ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम म्हणजे साधारण ३३५ कॅलरी. आपल्याकडची हातभर भाकरी ९० ते १०० ग्रॅम पिठाची असते, पुण्याकडची फुलक्याएवढी भाकरी ४० ची. मोबाईलच्या ॲपमध्ये ‘एक भाकरी’ टाकलं की ते कुठली धरतं कुणास ठाऊक. म्हणून ॲपमध्ये पीठच टाका, ग्रॅममध्ये. डाळ-तांदळालाही हाच नियम, कच्चं वजन. शिजलेला भात कच्च्या तांदळाच्या आकड्यानं मोजला की कॅलरी जवळजवळ तिप्पट दिसतात.

आरोग्य केंद्रातील परिचारिका, बीड जिल्हा

वरचे गुणक बसून काम करणाऱ्यांसाठी ठीक आहेत. कापूस वेचणी, खुरपणी, ऊसतोड करणाऱ्या बायकांना ते लावू नका. वजन ६०, उंची १५२, वय ४२ असेल तर मूळ आकडा ११७९ येतो. वेचणीच्या दिवसांत गुणक १.७ च्या खाली नसतो, म्हणजे गरज २००० च्या आसपास. तिला बाराशेवर ठेवलं तर रोज आठशेची तूट. दोन-तीन आठवड्यांत चक्कर, पायांत गोळे आणि संध्याकाळी हाताला येईल ते खाणं. तिनं १६०० ते १७०० ठेवावेत. उन्हाळ्यात रानात काम नसतं तेव्हा गुणक उतरतो, आकडाही उतरवावा. वर्षभर एकच तक्ता भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही.

हिमोग्लोबिन आधी तपासा. बारापेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या आधी. दमच टिकत नसेल तर चालायचं कसं?

अंगावर पाजणाऱ्या बाईनं कॅलरी तोडायच्या नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२० जास्त लागतात, असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) २०२० चं प्रमाण आहे. डिंकाचा ४० ग्रॅमचा लाडू साधारण २०० चा. दिवसाला दोन बसतात, चार बसत नाहीत.

आहारतज्ज्ञ, लातूर

परिचारिकाताईंचं बरोबर आहे, शेतातल्या कामाचा हिशेब वेगळाच धरायला हवा. आता हालचाल असलेल्या बाईचा १४५० चा एक दिवस लिहिते, बाकीच्यांनी यावरून कमीजास्त करावं.

सकाळी चहा, गाईचं दूध ५० मिली आणि एक चमचा साखर: ५५. नाश्त्याला दोन अंडी, ५० ग्रॅम पिठाची भाकरी, एक चमचा तेल: ३५५. दुपारी ७० ग्रॅम पिठाची भाकरी, ३० ग्रॅम कच्च्या तूरडाळीचं वरण, अंबाडी किंवा मेथीची मोठी वाटीभर भाजी, दीड चमचा तेल, १०० ग्रॅम दही, काकडी: ५००. चार वाजता ३० ग्रॅम फुटाणे आणि तसाच चहा: १६५. रात्री ६० ग्रॅम पिठाची भाकरी, ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांचं कालवण एक चमचा तेलात, पेलाभर पातळ ताक: ३८५.

यात प्रथिनं ६५ ग्रॅमच्या आसपास भरतात. कॅलरी बरोबर पण प्रथिनं ३५ वर, असं झालं की वजनकाटा खाली येतो पण उतरतो तो स्नायूही. किलोमागे निदान एक ग्रॅम धरा (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच). अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम मुगाच्या डाळीचं धिरडं आणि दही. सोयाबीन आपल्या जिल्ह्यात पोत्यांनी पिकतं, तरी ताटात कमी दिसतं याची मला खंत वाटते.

उपवासाचं वेगळं मोजा. साबुदाणा कोरडा ६० ग्रॅम, कूट २५ ग्रॅम, तूप दोन चमचे, छोटा बटाटा, एवढ्या खिचडीला ४७० च्या आसपास आणि प्रथिनं जेमतेम सात ग्रॅम. त्याऐवजी ५० ग्रॅम भगर, १५ ग्रॅम कुटाची आमटी, एक चमचा तूप: ३०० च्या आत, आणि वर ताक.

व्यायाम प्रशिक्षक, नांदेड

घड्याळातल्या ‘जळलेल्या कॅलरी’ परत खाऊ नका. ६८ किलोच्या बाईनं तीन किलोमीटर चालल्यावर साधारण दीडशे जातात, घड्याळ बऱ्याचदा त्याहून जास्त सांगतं. शिवाय १.३७५ नं गुणताना ते चालणं आधीच धरलेलं असतं, परत धरलं की दुप्पट होतं.

वजन रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. पाळीच्या आधीच्या दिवसांत एक-दोन किलो पाणी साठतं, म्हणून या महिन्याच्या पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. चार आठवड्यांत किलो-दीड किलो उतरलं तर आकडा बरोबर आहे. काहीच हललं नाही तर आधी तेल-कूट परत मोजा, मग शंभर-दीडशेच कमी करा, एकदम पाचशे नाही. दहा किलो उतरल्यावर सूत्रातच शंभर कॅलरी कमी होतात, म्हणून दर पाच किलोंनंतर नवीन आकडा काढा.

औषधवैद्यक डॉक्टर, संभाजीनगर

एवढंच जोडतो. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक खाली जाते. बाराशेच्या खाली स्वतःच्या मनानं जाऊ नका, सूत्रानं त्याहून कमी आकडा दिला तरी. तिथं चालणं वाढवा. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन पडत राहिलं तर पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते. फार कमी खाल्लं तर केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, त्यामुळे बायका शाम्पूला दोष देतात. पाळी पुढे गेली किंवा थांबली तर कॅलरी त्याच दिवशी वाढवा आणि तपासणीला या.