भित्तिपत्रक हाताने लिहायचं की प्रिंट काढून लावायचं?

तापीकाठ
नमस्कार मंडळी, मी एसवायबीए मराठीला आहे, भुसावळकडची. आमच्या कॉलेजात जिन्याजवळ काचेचा फलक आहे त्यात वाङ्मय मंडळाचं भित्तिपत्रक लागतं, सीनियर म्हणतात आधी दर महिन्याला बदलायचं, आता २७ फेब्रुवारीला लावलेलं जुलै आला तरी तसंच आहे. यंदा काम माझ्याकडे आलंय. पोरं म्हणतात टाईप करून कलर प्रिंट लावू, एका दिवसात मोकळे. मला हाताने लिहिलेलंच हवंय पण लिहिणारेच मिळेनात, ज्याला विचारावं तो म्हणतो मला कविता येत नाही. तुमच्याकडे अजून निघतं का? काय करता?

बोरीकाठचा
ताई हातानेच लिहा. मी अमळनेरचा. साने गुरुजी १९२४ ला इथे प्रताप हायस्कूलला शिक्षक म्हणून आले आणि वसतिगृहातल्या पोरांसाठी छात्रालय दैनिक स्वतः हाताने लिहून काढायचे, दैनिक बरं का, मासिक नाही! आपल्याला महिन्यातून एक जमू नये याचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्या वेळी मधल्या सुट्टीत फलकासमोर गर्दी व्हायची ती अक्षर कोणाचं हे ओळखायला, आणि ते बघता बघता पोरं कविता वाचून जायची.

शिक्षिका_धुळे
कविता मागूच नकोस बाळा. मी पोरांना सांगते, घरी जा, आजीजवळ बस, ती जात्यावरची ओवी म्हणेल किंवा कानबाई देवीचं गाणं म्हणेल ते जसंच्या तसं अहिराणीत लिहून आण, खाली आजीचं आणि गावाचं नाव टाक. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी गाणी उतरवून ठेवली म्हणून १९५२ ला पुस्तक निघालं, नाहीतर गेलं असतं सगळं. पहिल्या वर्षी मला सातच कागद मिळाले पण एका पोराने आजीलाच फलक दाखवायला कॉलेजात आणलं, तिला वाचता येत नव्हतं, त्याने तिथेच उभं राहून वाचून दाखवलं आणि ती मधेच चूक दुरुस्त करत होती. पुढच्या अंकाला मला कोणाला विचारावं लागलं नाही.

केळीबाग
मॅडमशी सहमत. लिखनारा पोरे शेतस, त्यासले भिंत द्या (लिहिणारी पोरं आहेत, त्यांना भिंत द्या). बाकी पेन्सिलने हलक्या रेघा मारून घ्या नाहीतर ओळी खाली उतरतात, स्केचपेन लांबून वाचायला बरा पण उन्हाने उडतो, मजकूर काळ्या मार्करने लिहा. आणि चिकटवू नका, टाचण्या लावा, म्हणजे काढून फाईलला ठेवता येतं.

तापीकाठ
मॅडम, हे डोक्यातच आलं नव्हतं. श्रावणात आमच्या गल्लीत कानबाई बसते, तेव्हाच वही घेऊन बसते आता. २४ ऑगस्टला बहिणाबाईंची जयंती आहे, त्या दिवशी लावायचं ठरवलंय. पहिला कागद माझ्या आजीचा, रावेरची आहे ती.