गुरुवारी हुर्डा की मतदान? (लातूरच्या एका सोसायटीचा ग्रुप, जानेवारी २०२६)

सेक्रेटरी (बी-२०२): नमस्कार मंडळी. गुरुवारी १५ तारखेला महापालिकेच्या मतदानाची सुट्टी आहे. बुधवारी संक्रांत. औसा रोडला अभयच्या शेतात हुर्डा छान आलाय. सकाळी ८ ला निघू, अंधार पडायच्या आत परत. दही, शेंगदाण्याची चटणी सोसायटीकडून. येणाऱ्यांनी नावं टाका.

रेणुका (सी-२०१): आम्ही ३

शेखभाई (बी-१०३): ५. पोरं आत्तापासून नाचायला लागलीत.

सुनंदा काकू (ए-४०२): मी आणि आई. आईला खुर्ची लागेल.

सेक्रेटरी (बी-२०२): १० मिनिटांत २७ नावं! वार्षिक सभेला माणसं अशी आली असती तर टाकीचं काम मागच्या वर्षीच झालं असतं.

गुरुजी (ए-१०१): सुट्टी कशाची आहे ते तुम्हीच वर लिहिलंय. मतदान ७:३० ते ५:३०. आठला निघून अंधार पडायच्या बेताला परत, तर मग मत कधी देणार?

अभय (सी-३०४): सर, राग मानू नका. प्रभागात हजारोंनी मतदार. माझ्या एकट्याच्या मतानं काय होणार आहे? मी दिलं काय न दिलं काय, गटार तिथंच आणि आपण इथंच.

शेखभाई (बी-१०३): एका मताचं काय घेऊन बसलास, अर्ध्या मतानं माणूस पडतो. हे लातूरकराला सांगावं लागावं? विलासराव देशमुख, १९९६, विधान परिषद.

रेणुका (सी-२०१): अर्धं मत? अर्धं बटण दाबलं का कुणी?

गुरुजी (ए-१०१): आमदार पसंतीक्रम देतात, १, २, ३. निवडून आलेल्याची जादा मतं पुढच्या पसंतीकडे वळवतात, तेव्हा मताची किंमत अपूर्णांकात जाते. त्याच्या आदल्या वर्षी, १९९५ ला, विधानसभेला लातूरनंच त्यांना पाडलं होतं. १९९९ ला ते मुख्यमंत्री झाले.

अभय (सी-३०४): मी तेच म्हणतोय. लातूरनं पाडलं आणि माणूस मुख्यमंत्री झाला. शिवराज पाटील चाकूरकर साहेब २००४ ला लोकसभेला पडले, त्याच महिन्यात देशाचे गृहमंत्री. साहेबांबद्दल आदर आहेच, पण मग आपण रांगेत उभं राहून ठरवलं काय?

शेखभाई (बी-१०३): हा मुद्दा मात्र खरा आहे.

गुरुजी (ए-१०१): खरा आहे. पण अर्धाच. २०१२ ला महापालिकेत भाजपचा एकही नगरसेवक नव्हता. २०१७ ला ७० पैकी ३६. शून्यावरून ३६ वर एका निवडणुकीत. ते कुणी दिल्लीत बसून केलं नाही, इथल्याच गल्ल्यांनी केलं.

अभय (सी-३०४): आणि अडीच वर्षांनी त्यातलीच मतं फुटली न् महापौर काँग्रेसचा. गल्ल्यांना विचारलं का कुणी? शिवाय २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे. शहर चाललंच की.

शेखभाई (बी-१०३): चाललं, पण कुणाच्या भरवशावर ते कळत नव्हतं. आधी रात्री ११ ला नगरसेवकाला फोन करून दोन शिव्या तरी हासडता यायच्या. प्रशासकाचा नंबर आहे का या ग्रुपवर कुणाकडे?

सेक्रेटरी (बी-२०२): गेटवर कुणाचं तरी कुरिअर आलंय. मोठं खोकं. मामा विचारतायत.

रेणुका (सी-२०१): माझं. पाठवा वर.

सुनंदा काकू (ए-४०२): मी तर नोटा दाबणार, ‘वरीलपैकी कुणीही नाही’. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये दाबला होता की लोकांनी, चांगला दुसरा नंबर आला नोटाचा.

अभय (सी-३०४): २७,५०० मतं. आणि झालं काय? निवडून यायचा तो आलाच.

गुरुजी (ए-१०१): आणि तिथंच २०२४ ला साडेसहा हजारांच्या फरकानं निकाल फिरला. फिरवणारी बोटं नोटावर पडलेली नव्हती. पण सुनंदाताई, महापालिकेत तुमच्या नोटाला जरा जास्त किंमत आहे. राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. नोटा सगळ्यांच्या पुढं गेला तर त्या जागेला पुन्हा निवडणूक. विधानसभेला तसं नाही. फक्त लक्षात ठेवा, आपल्या प्रभागात चार जागा आहेत, चार बटणं दाबायची. एक दाबून बाहेर आलात तर यंत्र ओरडणार नाही, अधिकारी ओरडेल.

सुनंदा काकू (ए-४०२): चार? अगं बाई. मग एखादा तरी बरा निघेल त्यात.

अभय (सी-३०४): सर, तुम्ही गणित शिकवलंय. माझ्या एका मतानं निकाल बदलायची शक्यता किती, ते सांगा. राजस्थान वगैरे नको.

गुरुजी (ए-१०१): राजस्थान मी काढणारच होतो. २००८, नाथद्वारा. सी. पी. जोशी, प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष, मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीतले, एका मतानं पडले. १९९९ ला वाजपेयींचं सरकार २७० विरुद्ध २६९ नं गेलं, पण ती खासदारांची मतं, ती धरत नाही.

अभय (सी-३०४): सत्तर-पंचाहत्तर वर्षांत अशी दोन-चार उदाहरणं. लॉटरीसुद्धा कुणाला तरी लागतेच, म्हणून मी तिकीट काढत नाही.

गुरुजी (ए-१०१): हिशेब तुझा बरोबर आहे. आता जरा मोठं लिहितो, चष्मा लावून वाचा.

मी ३३ वर्षांच्या नोकरीत कितीतरी निवडणुकांना केंद्राध्यक्ष होतो. बरोबरी एकदाच पाहिली. ग्रामपंचायतीची, गावाचं नाव सांगत नाही. तहसीलदारांनी दोन चिठ्ठ्या केल्या, सारख्या घडीच्या, आणि खिचडीच्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. दुसरीतली एक पोरगी बोलावली. तिनं चिठ्ठी काढली आणि साहेबांकडे द्यायची सोडून समोर उभ्या उमेदवाराच्या हातात दिली. तो तिचा चुलता होता. तिला वाटलं, त्याची वस्तू त्याला द्यावी. त्यानं उघडली तर आत दुसऱ्याचं नाव. पोरगी हसतच होती. त्याच्या भावकीतले चौघं त्या दिवशी कामाला म्हणून सोलापूरला गेले होते. ते परत आल्यावर घरात काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

पण हे एकदाच. म्हणून ‘तुमच्या एका मतानं निकाल लागेल’ असं मी पोरांना कधी सांगितलं नाही. थाप आहे ती. लावायचा तर दुसरा हिशेब लावा. मोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्रं येतात ती बूथप्रमाणे. जाळीच्या पलीकडे उमेदवारांची माणसं वही घेऊन बसलेली असतात. तू कुणाला मत दिलंस हे कुणालाच कळत नाही. पण शाळेतल्या खोली नंबर ३ मध्ये किती माणसं आली, त्यातली आपल्याला किती पडली, हे त्या वहीत पाच वर्षं राहतं. विधानसभेचे बूथवार आकडे तर नमुना २० मध्ये कुणालाही बघायला मिळतात.

मागच्या उन्हाळ्यात आपण सातजण मागच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी एका पुढाऱ्याकडे गेलो होतो, आठवतं का? पाणी झालं, चहा झाला. मग त्याच्या पोरानं मोबाइलमध्ये बघत विचारलं, ‘तुमची खोली नंबर ३ ना?’ तुम्हाला वाटलं पत्ता विचारतोय. तो आपली हजेरी बघत होता. सोसायटीत मतदार ८६, विधानसभेला गेलेले ३४. मी दारोदार विचारून मोजलेत. खोली नंबर २ म्हणजे पलीकडची वस्ती. त्या दिवशी त्यांची रांग दुपारी गेटच्या बाहेर आली होती. आता गॅलरीत जा आणि दिवे कुठपर्यंत आलेत ते बघा.

शेखभाई (बी-१०३): बघितले. वस्तीच्या कोपऱ्यापर्यंत. तिथून पुढं आपला अंधार.

रेणुका (सी-२०१): सर, मला हे वाचून उलट भीतीच वाटली. म्हणजे उद्या आपण सगळ्यांनी मत दिलं आणि ते त्याला नाही पडलं, तर तो हे पण बघणार. मत गुप्त, पण गल्ली उघडी. हा तर हिशेब चुकता करायचा धंदा झाला.

गुरुजी (ए-१०१): बरोबर पकडलंस. माझ्याकडे याचं उत्तर नाही. मतपत्रिका होत्या तेव्हा पेट्या एकत्र मिसळून मोजायची सोय होती. यंत्रांसाठी टोटलायझर म्हणून जोडणी आहे, बऱ्याच बूथांचा आकडा एकत्रच दाखवणारी. विधी आयोगानं २०१५ ला शिफारस केली होती. अजून काही ती आली नाही. पण विरोधात १०० मतं पडलेल्या बूथला निदान मनवायला येतात. जिथं माणसंच आली नाहीत तिथं कुणाला मनवायचं?

अभय (सी-३०४): म्हणजे मत देणं म्हणजे हजेरी लावणं. एवढंच ना?

गुरुजी (ए-१०१): शाळेत हजेरीच्या आकड्यावरच तांदूळ शिजायचा बाबा.

सुनंदा काकू (ए-४०२): माझ्या आजीची गोष्ट सांगते. इथं १९४८ पर्यंत निजाम, मत बित काही नव्हतंच. पुढं पहिल्या निवडणुकीची यादी करायला माणूस आला. नाव विचारलं तर आजी म्हणाली, अमक्याची आई. नवऱ्याचं नाव तर घ्यायचंच नाही, आणि स्वतःचं नाव परक्या पुरुषाला कशाला सांगायचं? राहिलं मत. पुढच्या खेपेला मात्र माणूस दारात दिसताच तिनं स्वतःचं नाव इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारीण बाहेर आली.

गुरुजी (ए-१०१): त्या वेळी देशभरात जवळपास २८ लाख बायकांची नावं याच कारणानं यादीतून गेली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते. ‘अमक्याची बायको’ अशी नोंद चालणार नाही म्हणाले, आणि टीका झाली तरी हटले नाहीत.

रेणुका (सी-२०१): उद्या हळदीकुंकवाला काकूंकडून उखाणा घ्यायचाच आता.

वॉचमन मामा: सायेब ग्रुपवर इचारू का. झेडपीचं मतदान लागलं की मला दोन दिस सुट्टी पायजे. गाव अहमदपूरच्या पुढं हाय. गाडी बदलावी लागती.

सेक्रेटरी (बी-२०२): मामा, गेटवर कोण बसणार? मागच्या वेळी पण गेला होता तुम्ही. एका दिवसात होत नाही का?

वॉचमन मामा: न्हाई होत. आमच्या वाडीत मतं थोडी. कोण न्हाई आलं ते रातच्याला पारावर नाव घिऊन इचारूलालेत. माझं नाव निघू नये एवढंच.

शेखभाई (बी-१०३): येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, आंबील प्यायला याच सोसायटीतून ११ गाड्या निघाल्या होत्या शेताकडं. आणि समोरच्या शाळेत चालत जायचं म्हटलं की सगळ्यांचे पाय दुखतात.

रेणुका (सी-२०१): बोलण्यापेक्षा नावं तपासा. यादीत शोधायची लिंक टाकलीय वर. आमची दोन्ही सापडली, एकाचं आडनाव चुकलंय.

शेखभाई (बी-१०३): आमची तीन आहेत. धाकट्याला १८ पूर्ण झालीत, पण त्याचं नाही.

गुरुजी (ए-१०१): या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरलीय. त्याचा आता नमुना ६ भरून ठेवा, पुढच्याला होईल.

अभय (सी-३०४): माझं नाव सापडेना.

रेणुका (सी-२०१): पुण्याच्या यादीत बघ.

अभय (सी-३०४): हो. वाकड. सहा वर्षं झाली तिथून येऊन.

शेखभाई (बी-१०३): म्हणजे तासभर ज्या मताचा काही उपयोग नाही म्हणून भांडलास, ते इथं नव्हतंच?

अभय (सी-३०४): हसू नका. नमुना ८ ना सर? पत्ता बदलायला?

गुरुजी (ए-१०१): ८.

अभय (सी-३०४): आईचं नाव आहे इथं. खोली नंबर ३. तिला तिळगूळ वाटायला वेळ असतो, मतदानाला कंटाळा करते. बघतो.

सेक्रेटरी (बी-२०२): बरं, बदल ऐका. हुर्ड्याला ११ ला निघू. त्याआधी ज्याला जे करायचंय ते करा. लिफ्टवाला गुरुवारी सकाळी ९ ला सर्व्हिसिंगला येणार आहे, दोन तास लिफ्ट बंद राहील.

सुनंदा काकू (ए-४०२): अहो, चौथ्या मजल्यावरून आईला खाली कसं आणू? शुक्रवारी बोलवा त्याला.

सेक्रेटरी (बी-२०२): शुक्रवारी सांगतो.

सुनंदा काकू (ए-४०२): आणि खुर्ची आधी शाळेत लागेल, मग शेतात. अभय, तुझ्या डिकीत टाक.

अभय (सी-३०४): माझ्या डिकीत सीएनजीची टाकी आहे काकू, मावणार नाही. शेखभाईंच्या टेम्पोत टाका.

शेखभाई (बी-१०३): आणा साडेआठला. पायऱ्यांपाशी उभा राहतो.